वृद्धाश्रमातली औषधं: या चुका टाळा

वृद्धाश्रमात एकाच कपाटात अनेकांची औषधं असतात. तिथल्या बहुतेक चुका घाईतून होतात. मावशी सकाळीच सगळ्यांच्या गोळ्या वाट्यांमध्ये काढून ठेवतात, तेवढ्यात कुणाची तरी हाक येते आणि कोणती वाटी कुणाची हे विसरायला होतं. म्हणून एका वेळी एकाच आजी-आजोबांच्या गोळ्या काढा, समोर उभं राहून गिळायला लावा आणि वहीत सही त्यानंतरच करा. आधी सह्या उरकून ठेवायची सवय फार घातक आहे.

सर्वांत जास्त लक्ष इन्सुलिनकडे हवं. आपल्याकडे कुपी बहुधा ४० युनिट प्रति मिलीची असते, पेनमधलं इन्सुलिन मात्र सहसा १०० चं. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर प्रत्यक्षात ५० युनिट जातात आणि साखर धोकादायकरीत्या खाली येते. टोपणाच्या रंगावर विसंबू नका, कुपीवरचा आकडा सिरिंजवरच्या आकड्याशी दर वेळी ताडून पाहा.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. दारातल्या कप्प्यात तापमान सारखं वरखाली होतं, त्यामुळे मधला कप्पा बरा. उघडल्याची तारीख कुपीवर लिहा. बहुतेक प्रकार साधारण २८ दिवसच चालतात.

स्ट्रिप कापताना नाव आणि मुदत असलेला भाग आधी फेकला जातो. तो शेवटपर्यंत राहू द्या.

गिळता येत नाही म्हणून गोळी सर्रास कुटली जाते. नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असेल तर कुटू नका. दिवसभर हळूहळू सुटणारं औषध एकदम अंगात जातं. डॉक्टरांकडून पातळ औषध किंवा दुसरा पर्याय लिहून घ्या.

संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज दिल्याने माणसं दगावली आहेत. तिच्या पाकिटावर वार ठळक लिहा आणि ती रोजच्या डब्यात कधीच भरू नका.

कुणी घरी गेलं किंवा वारलं, की उरलेल्या गोळ्या ‘वाया कशाला’ म्हणून दुसऱ्याला दिल्या जातात. त्या लगेच कपाटातून बाहेर काढा आणि नातेवाइकांना किंवा औषधवाल्याला विचारून त्यांची सोय लावा.