डिमेबल एलईडी: बल्ब आणि डिमरची जोडी कशी जुळवायची

खेड्यातल्या घरात डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटन, कशाला, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. ज्यांच्या घरी रात्री दोनदा उठणारी म्हातारी माणसं आहेत किंवा खोलीत बाळंतीण आहे, ते विचारत नाहीत. 9 वॅटचा पांढराशुभ्र बल्ब त्या वेळी डोळ्यांवर येतो आणि झिरोच्या बल्बात पाण्याचा गडवा सापडत नाही. मधला उजेड लागतो.

आधी बल्ब. खोक्यावर ‘डिमेबल’ असं छापलेलं नसेल तर तो डिमेबल नाही. दुकानदार “सगळेच चालतात” म्हणाला तरी घेऊ नका. आपल्याकडं लाईन कमी-जास्त होते म्हणून साध्या एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे बल्बातलं सर्किट, व्होल्टेज पडलं तरी उजेड तसाच ठेवायला बनवलेला असतो. डिमरला नेमकं उलट हवं असतं. असा बल्ब डिमरवर लावला की अर्ध्यापर्यंत काहीच फरक पडत नाही, मग एकदम लपलप करतो आणि विझतो. लाईन गेल्यावर पेटणारा बॅटरीचा बल्ब तर डिमरवर कधीच लावू नका.

रंग 2700 किंवा 3000 केल्विनचा, म्हणजे पिवळसर घ्या. जुना तारेचा बल्ब मंद केला की पिवळा व्हायचा. एलईडी सहसा होत नाही, 6500 चा निळसर बल्ब मंद केल्यावरही निळसरच राहतो. पावसाळ्यात सपरीत पिवळसर उजेडावर किडेही कमी येतात. कवेलूचं काळपट छप्पर उजेड पिऊन टाकतं, म्हणून तिथं एक पायरी जास्त वॅटचा घ्या. कमी करणं आपल्या हातात आहेच.

आता डिमर. मला सगळ्यात जास्त याच टप्प्यानं छळलं आणि सगळ्यात चुकीचे सल्लेही इथंच मिळतात.

पहिला चुकीचा सल्ला म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर लावा. बोर्डात तयार जागा असते म्हणून वायरमनही सुचवतात. नाही म्हणा. आजचे टप्प्याटप्प्याचे रेग्युलेटर कपॅसिटरवर चालतात, ते पंख्याच्या मोटारीसाठी आहेत. एलईडी त्यावर धड मंद होत नाही आणि बल्बाचा ड्रायव्हर मात्र खराब होतो.

दुसरा सल्ला म्हणजे 400 वॅटचा डिमर घ्या, कितीही बल्ब चालतील. ही वॅट तारेच्या बल्बांसाठी लिहिलेली असते. आपली लाईन 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 100 अर्ध्या लाटा. डिमर प्रत्येक लाटेचा थोडा तुकडा कापतो. जुन्या पद्धतीचा डिमर सुरुवातीचा तुकडा कापतो, त्यामुळे बल्बाला प्रत्येक वेळी झटका बसतो. म्हणून अशा डिमरवर एलईडीचा भार लिहिलेल्या वॅटच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त ठेवू नका. 400 चा डिमर, तर एलईडी 40 वॅटपर्यंत.

खरी फजिती उलट्या बाजूनं होते. या डिमरला चालू राहायला किमान भार लागतो, बऱ्याचदा 40 वॅटच्या आसपास. खोलीत 9 वॅटचा एकच बल्ब असला की तेवढा करंट मिळत नाही, डिमर मध्येच सोडून देतो आणि बल्ब फडफडतो. लोक बल्ब बदलत बसतात. त्यापेक्षा एक चाचणी करा: कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला ठेवलेला 60 वॅटचा पिवळा बल्ब त्याच डिमरवर, एलईडीच्या बरोबरीनं जोडा. फडफड थांबली तर दोष भाराचा आहे, एलईडी ठीक आहे.

यावर पक्का उपाय म्हणजे लाटेचा शेवटचा तुकडा कापणारा, खोक्यावर ‘ट्रेलिंग एज’ किंवा ‘एलईडी डिमर’ लिहिलेला डिमर. किमान भार 5 किंवा 10 वॅट लिहिलेला पाहून घ्या. तालुक्याला मिळाला नाही तर नागपूरहून मागवा, पण जुना घेऊन परत येऊ नका. पैसे देण्याआधी आपल्या खोलीत लागतील तेवढेच बल्ब त्याच डिमरवर दुकानात लावून बघा. बटन अगदी खाली न्या आणि कान जवळ लावा: भुणभुण ऐकू आली तर ती जोडी नको. रात्री शांत घरात हाच आवाज दुप्पट वाटतो.

बसवणं सोपं: मेन पाडा, टेस्टरनं खात्री करा, डिमर फेजच्या वायरीत टाका; हात बसलेला नसेल तर वायरमनकडून करून घ्या. जुन्या घरांत स्विच न्यूट्रलवर सापडतो, तो आधी सरळ करून घ्या. डिमर तापतो, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, म्हणून भरगच्च बोर्डात तो कोंबू नका, शेजारचं एक घर रिकामं ठेवा. काही डिमरला खालची मर्यादा ठरवायचा बारीक स्क्रू असतो. तो संध्याकाळी, आपल्याच डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) मोटारी चालू असताना लावा. दुपारी लावलेली मर्यादा रात्री व्होल्टेज पडल्यावर फडफडते.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर डिमर त्याच्या लाईनवर घेऊ नका. डिमर गुळगुळीत लाटेच्या हिशेबानं कापतो, चौकोनी लाटेवर बल्ब गुणगुणतो नाहीतर लपलपतो. साइन वेव्हचा असेल तर चालतं.

आणि खोलीत एकच बल्ब असेल, तर माझ्या मते डिमर घेऊच नका. साध्या स्विचवर बंद-चालू केल्यावर उजेडाच्या तीन पायऱ्या बदलणारा बल्ब मिळतो, तो घ्या. त्याला वायरिंगला हात लावावा लागत नाही. लाईन झटक्यात जाऊन आली की पायरी बदलते तेवढं खरं, पण पुन्हा स्विच दाबला की हवी ती परत येते.