नाणं घासू नका, घड्याळ चकचकीत करू नका

जुनं नाणं हाती आलं की पहिला मोह होतो तो घासूनपुसून लख्ख करण्याचा. तेवढं टाळा. घासलेलं नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं, आणि टांकसाळीतून आलेली मूळ झळाळी कायमची गेलेली असते. जाणकार गिऱ्हाईक ते एका नजरेत ओळखतं आणि भाव पाडतं. काळपट थर तसाच राहू द्या. नाणं धरायचं ते कडेने. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत तर ठेवूच नका. त्यांतून हिरवट चिकट थर चढतो.

घड्याळाचंही तेच. पॉलिशने केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, धारदार कडा गोलसर झाल्या किंवा डायल नव्याने रंगवली की किंमत उतरते. सर्व्हिसिंग जरूर करा, पण बदललेले मूळ भाग मागून घ्या. खोका आणि कागदपत्रंही जपा.

किंमत टिकते का? सोन्या-चांदीच्या नाण्याला निदान धातूचा आधार असतो, स्टीलच्या घड्याळाला तोही नाही. अभिनेता पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना घड्याळ २०१७ साली सुमारे १.७८ कोटी डॉलरला विकलं गेलं खरं, पण त्यातला मोठा वाटा ते ज्याच्या हातात होतं त्या मनगटाचा होता! बहुतेक नवी घड्याळं दुकानाबाहेर पडताच स्वस्त होतात. शिवाय व्यापारी आपला नफा धरूनच भाव देतो. ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून गाजावाजा केलेल्या नाण्यांच्या संचांपासून मात्र चार हात लांबच राहा.