हात जरा मागे ठेवा

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना त्यांच्या स्वतःच्या घरात राहायला मदत करणं हे माझं काम. नव्या मदतनीसांना मी आधी हेच बजावते: हात जरा मागे ठेवा. आपण भराभर कामं उरकली की घर चकाचक होतं, आणि ज्याचं घर तो नुसता बसून राहतो.

एका वेळी एकच काम शिकवा, तेही त्यांच्या पसंतीचं. समजा, कपडे धुणं. आधी स्वतः मशीन लावा आणि बारीकसारीक पायऱ्या लिहून काढा: कपडे टाकणं, ‘खट्’ आवाज येईपर्यंत दार दाबणं, पावडर, बटण, शेवटी वाळत घालणं. शिकवायचं मात्र उलटीकडून. पहिल्यांदा सगळं दोघांनी मिळून करा आणि दोरीवरच्या शेवटच्या कपड्याला चिमटा लावायचं त्यांच्यावर सोडा. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी. यात दर वेळी काम त्यांच्याच हातून पुरं होतं, म्हणून हुरूप टिकतो. हव्या त्या बटणावर रंगीत टिकली चिकटवली की वाचता येत नसलं तरी अडत नाही.

ते अडले की लगेच तोंड उघडू नका. मनात दहापर्यंत मोजा. मग बोट दाखवा, मग सांगा, मग करून दाखवा. हात धरायचा तो अगदी शेवटी, आणि विचारूनच. (‘हे झालं की ते घे आणि मग…’ असली लांबलचक सूचना माझ्याही डोक्यात राहत नाही.)

काळजीपोटी सगळीकडे कुलपं लावू नका. फिट येत असेल तर बाथरूमला बाहेरून उघडणारी कडी बसवा, टबऐवजी शॉवर ठेवा, हाकेच्या अंतरावर थांबा. आंघोळ त्यांची त्यांना करू द्या. आणि खोलीत शिरताना दार वाजवा.

माणूस अचानक चिडका झाला, जेवेनासा झाला, तर ‘स्वभावच तसा’ म्हणून सोडून देऊ नका. आधी दात, कान, पोट दाखवून घ्या. बद्धकोष्ठतेने हैराण झालेला माणूस बोलता येत नसेल तर आदळआपट करूनच सांगणार. डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची तपासणी नियमित हवी. त्यांच्यात अल्झायमर लवकर सुरू होऊ शकतो, म्हणून चाळिशीनंतर जमणारी कामं जमेनाशी झाली तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

कुठे आणि कोणासोबत राहायचं हे ठरवण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क कराराच्या कलम 19 मध्ये दिला आहे. तेव्हा घरात नवा साथीदार येणार असेल तर दोघांची आधी भेट घडवा, एखादा मुक्काम होऊ द्या आणि दोघांना वेगवेगळं विचारा. कोणी ‘नको’ म्हणालं तर दुसरा साथीदार शोधा.