‘फिट आलीय!’ असा कॉल आला की

मी रुग्णवाहिकेसाठी येणारे कॉल घेते. पत्ता आणि नंबर घेतला की माझा पहिला प्रश्न: श्वास चालू आहे का? एमपीडीएस प्रश्नावलीत (तातडीच्या कॉलवर विचारायच्या ठरलेल्या प्रश्नांची कार्डं) फिटचं कार्ड 12 नंबरचं, पण मन त्यावर लगेच पक्कं करू नका. हृदय बंद पडतानाही आधी थोडे झटके येतात, आणि मधूनच आलेली घरघर घरच्यांना श्वास वाटते. म्हणून झटके थांबले की मी पुन्हा विचारते, छाती नीट वरखाली होतेय का? नसेल तर कॉल सर्वांत वरच्या श्रेणीत आणि फोनवरच छाती दाबायला शिकवायचं.

5 मिनिटांहून लांबलेली, शुद्ध न येता पुन्हा आलेली किंवा गरोदरपणातली फिटही तातडीची. वेळ घड्याळातच बघायला लावा. घाबरलेल्याचं एक मिनिट दहाचं असतं. तोंडात चमचा? अजिबात नाही. दाबून धरायचं नाही. थांबल्यावर कुशीवर.