जर्मनीत पोळीसाठी कोणतं पीठ घ्यावं?
जर्मनीत शिकायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी 405 नंबरचं गव्हाचं पीठ उचलून आणलं. तो निघाला मैदा! पोळ्या तव्यावरून उतरताना बऱ्या, डब्यात गार झाल्या की चामडं. पाकिटावरचा ‘टाइप’ आकडा जितका मोठा, तितका पिठात कोंड्याचा अंश जास्त. आता मी 1050 घेते आणि त्यात दोन मुठी ‘फोलकोर्न’, म्हणजे अख्ख्या गव्हाचं पीठ मिसळते. कोमट पाण्यात सैलसर मळून अर्धा तास झाकून ठेवायचं, मग पोळी दुपारपर्यंत मऊ राहते. आणि हो, पीठ शनिवारीच आणा; रविवारी सुपरमार्केटं बंद. मोठ्या स्टेशनातली काही दुकानं उघडी असतात, पण तिथे विद्यार्थ्याच्या खिशाला चाट!