टाळेबंदीचा परिणाम एक्सेलमध्ये कसा मोजायचा: सोलापूर शहराचं उदाहरण

कोरोनासारख्या साथीचं मॉडेल बनवायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेलची एक शीट पुरते. अवघड भाग आहे तो सरकारी आदेशाचं आकड्यात रूपांतर करण्याचा.

शीटमध्ये रोजची एक ओळ आणि चार कॉलम घ्या: लागण होऊ शकणारे, लागण झालेले पण अजून न पसरवणारे (सुप्त), पसरवणारे आणि साथीतून बाहेर पडलेले (बरे किंवा मृत). एकूण लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, ९,५१,५५८. सुरुवातीला सुप्त गटात २० जण धरा.

नव्या लागणी = बीटा × लागण होऊ शकणारे × पसरवणारे ÷ लोकसंख्या. बीटा म्हणजे साथीच्या सुरुवातीला एक पसरवणारा रोज सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा. सुप्तांपैकी रोज एक तृतीयांश पसरवणाऱ्यांत जातात, पसरवणाऱ्यांपैकी रोज एक पंचमांश बाहेर पडतात. बीटा ०.५० ठेवला की एक रुग्ण सरासरी अडीच जणांना लागण देतो (०.५० × ५ दिवस). घडी बसल्यावर रुग्ण साधारण पाच दिवसांत दुप्पट व्हायला हवेत. तसं होत नसेल तर सूत्रात चूक आहे. बहुतेक वेळा लोकसंख्येच्या सेलला डॉलरचं चिन्ह लावायचं राहिलेलं असतं आणि सूत्र खाली ओढताना सेल सरकतो. चारही कॉलमची बेरीज रोज तीच येते का, तेही बघा.

आता धोरण. ‘लॉकडाऊन = बीटा निम्मा’ असं सरसकट लिहू नका. लागण कुठे होते त्याप्रमाणे बीटा फोडा. उदाहरणादाखल घर ०.१५, काम ०.१५, बाजार-प्रवास ०.१२, लग्नकार्यं व गर्दी ०.०८. हे आकडे गृहीतक आहेत, बदलून बघायचेच. टाळेबंदीत घर × १.१ (माणसं घरातच कोंडलेली), काम × ०.३, बाजार × ०.४, गर्दी × ०.१. बेरीज ०.२६६, म्हणजे एका रुग्णामागे १.३३ नव्या लागणी, एकापेक्षा जास्तच. एवढं बंद करूनही साथ वाढतेच!

सोलापुरात ‘काम × ०.३’ हाच आकडा सगळ्यात कच्चा. विडी कामगार बायका घरीच विड्या वळतात. पान-तंबाखू आणायला आणि विड्या जमा करायला मात्र कारखान्यात जावं लागतं, तिथे रांग लागते. यंत्रमाग बंद ठेवता येतात, घरातलं काम आदेशाने बंद होत नाही. लपूनछपून देवाणघेवाण चालू राहिली असं धरून काम × ०.६ करा: बीटा ०.३११, आकडा १.५५ वर जातो. म्हणून शहराच्या पूर्वभागातल्या कामगार वस्त्यांसाठी वेगळी शीट करणं बरं.

तारखांचा घोळ हमखास होतो. आदेशाचा परिणाम लागणीवर त्याच दिवसापासून टाका, पण नोंदलेल्या रुग्णांत तो दहा ते चौदा दिवसांनी शोधा. लक्षणं दिसायला, चाचणीला आणि अहवालाला वेळ जातो. मृत्यूंच्या आकड्यात आणखी उशीर. चाचण्या वाढवल्या की नोंदी वाढतात, साथ वाढली असेलच असं नाही. त्यामुळे मॉडेल नोंदींशी जुळवताना पॉझिटिव्हिटीही (शंभर चाचण्यांत किती बाधित निघतात ते) बघा.

दुसरी अडचण खास इथली. शहरातला पहिला रुग्ण १२ एप्रिल २०२० ला कळला, देशव्यापी टाळेबंदी २५ मार्चपासूनच होती. म्हणजे निर्बंधांआधीचा बीटा सोलापूरच्या नोंदींतून काढताच येत नाही. तो मुंबई-पुण्याच्या मार्चमधल्या वाढीवरून घ्या आणि ०.४ ते ०.६ अशी पट्टी ठेवा. एकच रेघ काढून दाखवणाऱ्या तक्त्यावर आमचा तरी विश्वास नाही.

शेवटी तुलना. शीटची प्रत काढा, एकीत टाळेबंदी, दुसरीत नाही, बाकी सगळं तेच. जुलै २०२० मध्ये शहरात दहा दिवसांची टाळेबंदी झाली होती, तेवढाच कालावधी सुरुवातीच्या टप्प्यात टाकून बघा. वरच्या आकड्यांनी शिखर साधारण आठवडाभर पुढे सरकतं, उंची जवळपास तेवढीच राहते. मग त्या आठवड्यात किती खाटा, ऑक्सिजन आणि चाचण्या वाढतात, हे वेगळ्या कॉलममध्ये मांडा. टाळेबंदीचा हिशेब त्या कॉलमवरच ठरतो.