बुटक्या पामचं बी थंड गावी रुजवताना

चिखलदऱ्यासारख्या थंड गावी बुटका पाम हवा असेल तर कॅमेरॉप्स घ्या. भूमध्य समुद्राकाठचा हा पंख्याच्या पानांचा पाम आपली हिवाळी थंडी सहज सोसतो. पण सोसतं ते मोठं झाड, बी नाही. बियाला रुजायला २५ ते ३० अंशांची ऊब लागते, म्हणून डिसेंबरात पेरू नका, फेब्रुवारी सरता सरता पेरा. गर पूर्ण काढून बी २-३ दिवस भिजवा, पाणी रोज बदला. मग पिळून घेतलेल्या ओलसर कोकोपीटात (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून पिशवीत भरा, पिशवी बंद करा आणि रात्री चुलीजवळच्या फळीवर ठेवा. कोंब दिसायला दोन-तीन महिने लागतात. तोवर उकरून पाहू नका, हात जोडून सांगतो! आधी मूळ सरळ खाली जातं, त्यामुळे कोंब आल्यावर रोप ज्या मातीच्या पिशवीत लावाल ती वीतभर तरी खोल हवी. निव्वळ काळी माती पाणी धरून ठेवते आणि मूळ कुजतं. निम्मी रेती मिसळाच. पहिलं पान अगदी गवताच्या पात्यासारखं दिसतं, निंदताना ते उपटलं जाऊ नये म्हणून शेजारी काडी खोचा. पंख्यासारखी पानं यायला काही वर्षं जातील. पहिल्या उन्हाळ्यात तुराट्यांच्या ताटीची सावली द्या.